गलबत पाण्याला टेकताना

तिला सगळे पासपोर्टबाई म्हणत. बावीस वर्षं एकाच स्टुडिओत, पांढऱ्या पडद्यापुढे माणसं बसवायची आणि चेहरे टिपायचे. एका मासिकाच्या संपादकांचा फोटो तिने असाच काढला होता, आणि त्यात ते जन्मात पहिल्यांदा माणसासारखे दिसले होते. म्हणून की काय, त्यांनी तिला थेट समुद्रकाठी पाठवलं. काम एकच. नवं लाकडी गलबत घसरत येऊन पाण्याला टेकतं, तेवढा क्षण पकडायचा. साधला, तर पुढच्या सहा गावांची कामंही तिचीच. हुकला, तर आपला पांढरा पडदा आहेच. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

सामान उचलायला म्हणून वहिनी बरोबर आल्या. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, हे खरं कारण. पण ते कोण बोलणार?

मासिकाने नवा कॅमेरा दिला होता, त्याला हाताएवढी लांब लेन्स. बाई तो तळहातावरच्या फोडासारखा जपत होत्या. स्टुडिओतलं लेन्सचं कपाट त्या नेहमी थंड आणि कोरडं ठेवत. तोच नियम त्यांनी लॉजच्या खोलीला लावला आणि एसी सोळावर नेऊन ठेवला.

"वन्सं, कॅमेऱ्याला ताप आलाय का?" दुसऱ्या पांघरुणाखालून वहिनींनी विचारलं.

"झोपा हो तुम्ही!"

दोघी रात्रभर कुडकुडल्या, कॅमेरा तेवढा सुखात झोपला.

सकाळी निघताना नवाच वाद. बाईंचा जुना, स्टुडिओतला कॅमेरा रात्रभर बाहेर गॅलरीत होता. प्रवासात पाण्याची बाटली गळून त्याची पिशवी भिजली, म्हणून वहिनींनी कॅमेरा पुसून पिशवीसकट गॅलरीतल्या खुर्चीवर ठेवला होता.

"वहिनी, कॅमेरा काय धुतलेला टॉवेल आहे, गॅलरीत टाकायला?" बाई कडाडल्या. वहिनींनी तो पिशवीसकट आपल्या खांद्याला अडकवला.

गलबताच्या कारखान्यात नुसती धांदल. तीन मजली उंचीचं गलबत उतारावर तिरकं उभं, खाली चरबी फासलेले ओंडके, दोन्ही बाजूंना हातोडे घेतलेली माणसं. भरती चढत होती. पाचर काढली की गलबत निघणार, आणि पाणी काही कुणासाठी थांबत नाही. बाईंनी लांबच्या धक्क्यावर मोक्याची जागा पकडली, कॅमेरा डोळ्याला लावला.

पलीकडे सगळं पांढरं.

लेन्सवर वाफ साचली होती. पुसली, पुन्हा आली. आतल्या काचेवरही दाट धुकं.

"अहो, फुंकर मारू का?" वहिनींनी विचारलं.

"नको, नको!" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय झालं हो?"

"माझ्या चष्म्याचं होतं ना, एसीतून बाहेर आल्यावर? तेच झालंय. गारठवून ठेवलात त्याला. बंद पिशवीत घालून हळूहळू उबेला आणायला हवा होता."

"किती वेळ लागतो जायला?"

"चष्म्याला दोन मिनिटं. पण या धुडाला..." तोवर खाली पहिला हातोडा पडला होता.

मग त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढे केली. "हा घ्या. माझा धुतलेला टॉवेल."

बाईंनी झाकण काढून पाहिलं. काच लख्ख! रात्रभर बाहेरच्याच हवेत राहिला होता पठ्ठ्या. पण त्याची लेन्स आखूड, समोर बसलेल्या माणसाच्या मापाची. धक्क्यावरून त्यात गलबत चिमुकलं दिसत होतं. इथून उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नव्हता.

"वहिनी, ते धूड सांभाळा!" म्हणत बाई सुटल्या. पन्नाशीची बाई दोरखंडांवरून उड्या मारत धावतेय हे पाहून दोन सुतार हातोडे विसरले. वहिनी वरून ओरडत होत्या, "धावा, वन्सं, धावा!" बाईंना भीती वाटत होती आणि इतकी मजा बावीस वर्षांत आली नव्हती.

उताराच्या बाजूला त्या पोचल्या, तर तिथे म्हातारे मिस्त्री उभे. गलबत बांधणारे तेच, आणि गलबताकडे पाठ करून!

"मिस्त्री, इकडे काय बघताय? निघालं ते!"

"मी बघत नाही, बाई. तीस गलबतं सोडली, एकही पाण्यात जाताना पाहिलं नाही. जीव थाऱ्यावर राहत नाही. लोक ओरडले की कळतंच."

शेवटची पाचर उडाली. लाकूड करकरलं आणि ते अवाढव्य अंग हललं. बाईंनी कॅमेरा लावला. गलबत काही केल्या चौकटीत मावेना. आणि पुढ्यात मिस्त्रींचा चेहरा. डोळे गच्च मिटलेले, ओठ आत ओढलेले, मुठी छातीशी. चेहरा कधी टिपायचा, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या दोन पावलं मागे सरल्या, खाली बसल्या. मिस्त्रींच्या खांद्यामागून गलबताचं नाक सुसाट खाली आलं, पाणी फुटलं, आणि बाईंनी बटण दाबलं.

सगळा किनारा ओरडला. वहिनी तर धक्क्यावर उड्या मारत होत्या.

बाईंनी फोटो फोनवर घेतला आणि तिथूनच धाडला. संपादकांचा फोन आला. "यात गलबतापेक्षा माणूस मोठा दिसतोय."

"आहेच," बाई म्हणाल्या.

पलीकडून आवाज आला. "सहा गावं तुमची. आणि अशाच जवळ जात जा."

बाईंनी वहिनींना कडकडून मिठी मारली. तेवढ्यात मिस्त्री पुढे आले. "बघू तरी, काय काढलंत."

बाईंनी कॅमेऱ्याची मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं डांबराने माखलेलं बोट खांद्यामागच्या त्या जागेवर थांबलं, जिथे गलबत पाण्याला टेकत होतं.

"असं उडतं होय पाणी?" ते म्हणाले. पुष्कळ वेळ तसेच बघत राहिले. "आधीच्या तिसांचंही असंच उडालं असेल, नाही?"

"उडालंच असणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं बघून होईपर्यंत कॅमेरा तसाच धरून राहिल्या.