घ्यायला कोण येणार?

"आता जे सांगणार आहे ना, ते तुम्हाला मुळीच खरं वाटणार नाही," तेलाच्या कुपीला बूच लावत मशीनआजी म्हणाली. "नाही वाटलं तरी माझी हरकत नाही. खऱ्या गोष्टींचं असंच असतं."

सात मुली शिलाई मशीन सोडून तिच्याभोवती जमल्या. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. मुलींच्या त्या केंद्रात ही घ्यायला येणाऱ्यांची वेळ. शाळा सुटली की मुली इथे यायच्या, गृहपाठ उरकायच्या, शिवण शिकायच्या आणि घरचं कुणी आलं की जायच्या. तोवर हात रिकामे आणि कान मोकळे.

"थोरलीला आज उशीर होणार," आजी म्हणाली. थोरली म्हणजे आजीची थोरली बहीण. "निघाली होती गं वेळेवर. पण आमच्या रस्त्यावर ती सहा मजली इमारत आहे ना, तिची लिफ्ट अडकली. चौथ्या नि पाचव्या मजल्याच्या मधोमध. आत सात माणसं आणि एक कुत्रा. वरचा दोर तुटायला आलेला. थोरली गेली गच्चीवर आणि धरला दोर. हातानं!"

"दोन्ही हातांनी?" वकीलबाईने विचारले. ही बारा वर्षांची मुलगी बोलायला लागली की समोरच्याची उलटतपासणीच घ्यायची, म्हणून तिला केंद्रात हेच नाव पडले होते.

"एका. दुसऱ्या हातात पिशवी होती."

"मग पिशवी खाली ठेवायची ना!"

"अंडी होती त्यात. घाईगर्दीत कुणी पाय दिला असता म्हणजे?"

"मग आता?"

"आता काय, उभी आहे धरून. कारागीर येईपर्यंत सोडून चालेल का? माणसं घाबरली, कुत्रा मात्र शहाणा. तो जिन्यानं निघून गेला."

"आजी! कुत्रा लिफ्टमध्ये होता ना?"

"म्हटलं नव्हतं, खरं वाटणार नाही म्हणून?"

मुली खिदळल्या. नवीन ताईसुद्धा रजिस्टरमागे तोंड लपवून हसली. ही समाजकार्य शिकणारी कॉलेजची मुलगी तीन महिन्यांसाठी प्रशिक्षणाला आली होती. कोणती मुलगी किती वाजता, कुणाबरोबर गेली, याची नोंद ठेवायचे काम तिच्याकडे होते. आजीच्या नावापुढे तिने रोजच्यासारखे लिहिले: 'बहिणीला उशीर'.

आता यातली खरी गंमत अशी की आजीला बहीण नव्हती. थोरली नव्हती, धाकटी नव्हती, चुलत नव्हती, मानलेलीसुद्धा नव्हती. आईवडिलांची ती एकुलती एक. लग्न केले नाही. म्हणजे करणार नाही असेही कधी ठरवले नव्हते. कारखान्यात दोनशे मशिनी नीट चालू ठेवता ठेवता ते राहून गेले. चौतीस वर्षे तिने दुसऱ्यांच्या मशिनींचा आवाज ऐकला. नुसत्या खडखडाटावरून ती सांगायची, तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या मशिनीची सुई वाकली आहे. निवृत्त झाली त्या दिवशी घरी आली, दार लावले, आणि ऐकायला काही उरलेच नाही.

मग कुठेतरी पाटी वाचून ती या केंद्रात आली. 'मला मशिनी दुरुस्त करता येतात, पगार नको,' म्हणाली. केंद्राकडे अर्ज होता एकच छापलेला, मुलींसाठीचा. स्वयंसेवकांकडूनही तोच भरून घेत. लागू नसेल तिथे लोक आडवी रेघ मारून मोकळे होत. आजीने मात्र एकही रकाना सोडला नाही. इयत्ता: सातवी (पास). आवडता खेळ: लंगडी. पुढचा रकाना होता: 'घ्यायला कोण येणार?'

तिथे पेन थांबले. रेघ मारायला किती वेळ लागतो? पण ती रेघ तिच्या हातून ओढली जाईना. शेवटी तिने लिहिले: थोरली बहीण. खाली फोन नंबर मागितला होता. तिथे स्वतःच्याच घरचा नंबर दिला, कारण दुसरा कुठलाच तिला पाठ नव्हता.

कुणाच्या लक्षातही आले नसते. पण अर्जावरची नावे रजिस्टरात उतरली आणि रजिस्टर मुलींनी वाचले. केंद्राचा नियम कडक होता, घ्यायला येणाऱ्याची सही झाल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही. पहिल्याच संध्याकाळी आजी निघाली, तर वकीलबाई दोन्ही हात पसरून आडवी उभी.

"आजी, तुमच्या नावापुढं सही कुठंय? बहीण आल्याशिवाय जायचं नाही!"

खरे काय ते सांगून टाकायला ती वेळ चांगली होती. पण गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी 'जायचं नाही' म्हटले नव्हते. आजी परत येऊन स्टुलावर बसली. "अगं, तिला उशीर होणार आहे," म्हणाली. "आता का, ते सांगितलं तर खरं वाटणार नाही..."

तेव्हापासून थोरलीला रोज उशीर होत होता. थोरलीने भरकटलेले जहाज काठावरून नुसत्या शिट्टीने वळवले. थोरलीच्या शिंकेने पोस्टाचे छप्पर उडाले आणि दुसऱ्या दिवशी तीच शिडी लावून ते बसवत होती. शेवटची मुलगी गेली की नवीन ताई म्हणे, "जा आता आजी, तुम्हाला माझ्या सहीवर सोडते." तीन मजले चढून आजी घरी पोचायची आणि उद्या थोरलीला कुठे अडकवायचे, याचा विचार करत चहा प्यायची. दोन खोल्यांच्या घरात तेवढीच वर्दळ.

ही शेवटची मुलगी रोज एकच असायची. टाचणी. दहा वर्षांची, अंगाने काडी. वडील बस चालवायचे आणि त्यांची शेवटची फेरी कधी वेळेवर संपत नसे. टाचणी गोष्ट ऐकायला आत येत नसे. दप्तर खांद्याला लावून ती फाटकाशी उभी राहायची, रस्त्याकडे तोंड करून.

बुधवारी दुपारी मोठ्या ताई आल्या. केंद्र त्यांच्या देखरेखीखाली चाले. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका केंद्रात एक वयस्क स्वयंसेविका चक्कर येऊन पडल्या होत्या आणि कुणाला कळवायचे तेच कुणाला ठाऊक नव्हते. म्हणून वरून नवा नियम आला होता. साठीच्या पुढच्या स्वयंसेवकांच्या घरच्या माणसाने एकदा येऊन सही करायची. माणूस नसेल तर पुढच्या महिन्यापासून काम बंद.

"तुमचा काही प्रश्नच नाही, आजी," मोठ्या ताई म्हणाल्या. "बहीण आहेच. शुक्रवारपर्यंत येऊन जाऊ दे त्यांना."

"येईल की," आजी म्हणाली. "न यायला काय झालं?"

"नंबर लावून खात्री करून घे गं," असे नवीन ताईला सांगून मोठ्या ताई गेल्या.

नवीन ताईने तिथल्या तिथे नंबर फिरवला. आजी समोरच बसली होती, मांडीवर एक उघडलेली मशीन घेऊन. फोनमधून पलीकडची घंटा तिला बारीक ऐकू येत होती. तो फोन कुठे आहे हे तिच्याइतके कुणाला माहीत असणार? कपाटावर, रेडिओच्या शेजारी, तिनेच शिवलेल्या फुलाफुलांच्या झाकणाखाली. किती महिन्यांनी वाजत होता तो! आणि नेमकी आपण घरी नाही, असे तिच्या मनात येऊन गेले.

"उचलत नाहीत," नवीन ताई म्हणाली.

"ऐकू कमी येतं तिला."

"आजी, काल तर म्हणालात, मुंगी चाललेली ऐकू येते."

"मुंगीची गोष्ट वेगळी. मुंगी वाजत नाही."

नवीन ताई हसली, पण या वेळी हसता हसता मधेच थांबली. तिने आजीकडे नीट पाहिले आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावला नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना आजी दुसऱ्या मजल्यावर थांबली. तिथे तिच्याच वयाची एक निवृत्त नर्स राहायची. जिन्यात भेटली की दोघी एकमेकींना वाट द्यायच्या, अकरा वर्षे एवढीच ओळख. आजीने वाक्य पाठ केले होते: 'तासाभरासाठी माझी बहीण व्हाल का?' तिने बेल दाबली. नर्सबाईंनी साखळी न काढताच दार किलकिले केले.

"काय हो?"

"तुमच्याकडे पाणी येतंय का?" आजीने विचारले.

"येतंय की. का, तुमच्याकडे नाही?"

"येतंय. माझ्याकडंही येतंय."

"मग?"

"मग काही नाही. येतंय ना, बरं झालं."

दार लागले. उरलेला मजला चढताना आजीला स्वतःचेच हसू आले. जहाज वळवणारी बहीण तिने एका दमात उभी केली होती, आणि खालच्या मजल्यावरची एक बाई तिला वर आणता येईना.

शुक्रवारी ती इस्त्रीचे कपडे घालून गेली. मुलींना बातमी कळलीच होती. त्यांनी वर्गातली एकमेव पाठ असलेली खुर्ची पुसून दाराशी ठेवली होती. "ती मावेल का यात?" एकीने विचारले. "कडेनं बसेल," दुसरी म्हणाली.

सव्वासहाला वकीलबाईची आई आली. वकीलबाई हलेना.

"आई, दहाच मिनिटं! आजीची बहीण येणारे!"

"येऊ दे की. तू चल. घरी गॅसवर ठेवून आलेय मी."

"आजी, तिला माझं नाव सांगा हं! आणि लिफ्टचं विचारा, कारागीर शेवटी आला का!"

"विचारते," आजी म्हणाली.

एकेक करून मुली गेल्या. जी ती जाताना रिकाम्या खुर्चीकडे वळून बघत होती. सात वाजता खोलीत आजी, नवीन ताई आणि झाकणे घातलेल्या मशिनी राहिल्या. आजीने एका मशिनीचे झाकण काढले, काहीच बिघडले नव्हते ते बघितले, पुन्हा घातले. फाटकाच्या दिव्याखाली टाचणीची पाठ दिसत होती.

"आजी," नवीन ताई हळूच म्हणाली, "साडेसातला मला रजिस्टर बंद करावं लागेल. मोठ्या ताई उद्या सकाळी न्यायला येणार आहेत."

"कर की. तुझं काम आहे ते."

"माझेही तीन महिने संपले हो. शेवटचा दिवस. सर्टिफिकेट याच रजिस्टरवरून मिळणार."

"हुशार आहेस. मिळेल."

साडेसातला दहा मिनिटे कमी असताना आजी उठली. अंगणात गेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली, किती ते तिलाही सांगता आले नसते. मग परत आली आणि दाराच्या चौकटीला हात टेकला.

"आली होती," ती म्हणाली.

नवीन ताईने मान वर केली. "कोण?"

"थोरली. आत नाही आली. गुडघा दुखतोय म्हणाली, पायऱ्या नकोत. पुढं बसथांब्यावर बाकडं आहे ना, तिथं जाऊन बसलीये. 'तू आवर आणि ये,' म्हणाली."

नवीन ताई बघतच राहिली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच थोरलीच्या गोष्टीत जहाज नव्हते, दोर नव्हता, छप्पर उडाले नव्हते. एका म्हाताऱ्या बाईचा गुडघा दुखत होता आणि ती बाकावर बसून आपल्या बहिणीची वाट बघत होती. इतकी साधी गोष्ट आजीने आजवर सांगितली नव्हती. आणि इतकी अशक्यही नव्हती सांगितली.

"सही राहिली की मग त्यांची," नवीन ताई म्हणाली.

"चष्मा विसरली. तूच लिही गं, आली होती म्हणून. तुझं अक्षरही चांगलं आहे."

नवीन ताईने रजिस्टर पुढे ओढले. आजीच्या नावाची ओळ बोटाने धरली. त्या ओळीवर तीन महिने तिच्याच हाताने लिहिलेले होते: बहिणीला उशीर, बहिणीला उशीर, बहिणीला उशीर. तिने पेनाचे टोपण काढले, बाहेरच्या अंधाराकडे एकदा पाहिले आणि आजच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली: 'बहीण येऊन...'

"आजी."

दाराशी टाचणी उभी होती, पाण्याची रिकामी बाटली हातात धरून. ती कधी आत आली ते दोघींनाही कळले नव्हते. चेहऱ्यावर राग नव्हता, चिडवणे नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते सांगावे, तशी ती मोठ्याने म्हणाली,

"मी साडेपाचपासून फाटकातच उभी आहे, आजी. कुणी आलं नाही. तुमचंही नाही आणि माझंही नाही."