पहिल्या वळणावरची चादर

अनघा, ती कॉफी खाली ठेव आणि ऐक. सारंग, तूही. परवा मी आणि उज्ज्वलदादा चांगी विमानतळावर गेलो होतो ना, ते कोणाला भेटायला माहितीये? मारेकला!

कोण मारेक म्हणजे? अरे, दादा पोलंडला ऑनसाइट होता तेव्हा दर रविवारी स्पीडवे बघायला जायचा. मोटरसायकलची रेस. मातीचा ट्रॅक, चार जण, आणि गाडीला ब्रेकच नसतो. खरंच नसतो! वळणावर गाडी आडवी घालायची. मागच्या चाकातून चिखल उडतो तो थेट प्रेक्षकांच्या तोंडावर. आणि खरे फॅन मुद्दाम तिथेच उभे राहतात, पहिल्या वळणावर. दादाही तिथेच. त्याचा हीरो मारेक.

मग आमची आई नागपूरहून गेली त्याच्याकडे राहायला. पहिलीच रेस बघून म्हणाली, "काहून पळते रे हे पोट्टं इतकं?" पुढच्या रविवारी घरातली पांढरी चादर घेतली आणि त्यावर लाल रंगाने लिहिलं, मराठीत हं, 'मारेक, सावकाश जा.' रेसमध्ये! अख्खं स्टेडियम विचारतंय, हे काय आहे. अर्थ कळल्यावर मारेक पोट धरून हसला म्हणे. पण मग दर रेसआधी तो चादरीकडे बघून हात वर करायचा. आईशी त्याचे मेसेज अजून चालू असतात, नुसते फोटो आणि अंगठे.

नंतर दादा इकडे सिंगापूरला आला, चादर घेऊन. आणि मारेक पडला. मांडी, गुडघा, सगळंच मोडलं. आता ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबने बोलावलंय. एकतर परत रेस कर, नाहीतर आमच्या लहान पोरांना शिकव. काय ते तिथे उतरल्यावर सांगायचं. विमान सिंगापूरवरून, मध्ये काही तास मोकळे. त्याने दादाला मेसेज केला, भेटू या, चादर आण.

दादा वेडाच झाला. चादर मांडीवर, आणि सेंगकांगला एमआरटी ट्रेनमध्ये चढल्यापासून मला भाषण ऐकवतोय. "दीक्षा, मी त्याला सांगणार, तू परत ट्रॅकवर उतरलाच पाहिजेस. तुझ्यासारखं वळण कोणी घेत नाही!" शेजारचे अंकल उठून दुसरीकडे बसले.

फूडकोर्टमध्ये मारेक भेटला. केवढासा आहे तो! मला वाटलं होतं पैलवान असेल. दादाने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "जय भीम, बेटा." मारेकही म्हणाला, "जय भीम." शिकवलंय तिने! मग तो दादाला म्हणाला, "तिला विचार. मी रेस करू की नको?"

दादाने विचारलं. आई म्हणाली, "त्याले म्हण, आधी चालून दाखव."

आणि तो चालला ना! लोकांच्या ट्रेमधून वाट काढत, चिकन राइसच्या स्टॉलपर्यंत आणि परत. मी फोन धरून मागे मागे. क्लीनर आंटी बघतेय, तिच्या सिंगापुरी सुरात, हे काय लाह! जाताना सरळ गेला, पण वळताना त्याने टेबलाची कड धरली. फक्त वळताना. आणि वळणाचा राजा तो, अगं.

आईने ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नको म्हणावं रे."

आता बघ, तिथे मराठी आम्हा दोघांनाच येत होती. दादा काहीही सांगू शकला असता. मी त्याच्याकडे बघतेय, मारेक त्याच्याकडे बघतोय, तो फोनकडे.

शेवटी म्हणाला, "आई नको म्हणते."

"आणि तू?"

एवढं पाठ केलेलं भाषण, आणि दादा म्हणतो कसा, "मला विचारू नकोस. मी फॅन आहे. मी होच म्हणेन."

मारेकने दादाचा खांदा दाबला, चादर काखेत मारली आणि गेला. परतताना दादाला मी चिडवलंसुद्धा नाही, विचार करा.

काल ऑस्ट्रेलियाहून फोटो आला. छोटासा ट्रॅक, टिंगू गाड्यांवर टिंगू पोरं, आणि कठड्याला आमची चादर. आईचा लगेच मेसेज, "धुतली नाही वाट्टे त्यानं." दादा मात्र फोटो मोठा करकरून बघत होता. मी म्हटलं, "काय झालं रे?"

"हा बघ ना," म्हणाला, "कुठे उभा आहे."

कठड्याच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूला, चादरीला टेकून. पहिल्या वळणावर. तोंडभर चिखल.