सगळं जाईल, चालेल?

"सगळं पुसलं जाईल. फोटो, निरोप, नंबर, सगळं. चालेल?"

स्टुलावर बसलेल्या निवृत्त कंपाउंडरनं मान हलवली.

"मानेनं नाही, तोंडानं सांगा. मागून माझ्याशीच भांडायला येता तुम्ही लोक."

दुरुस्तीवालीचा हा नियमच होता. जिन्याखालच्या त्या टीचभर दुकानात ती अकरा वर्षं फोन उघडत होती. त्यातली सहा वर्षं ती फोनमधली कंपनीची सिस्टिम काढून तिथं दुसरी, मालकाच्या चुगल्या न करणारी सिस्टिम बसवून देत होती. ही दुसरी सिस्टिम कुठल्या कंपनीची नव्हती. जगभरातली काही हट्टी माणसं ती आपापल्या घरी बसून लिहीत आणि फुकट वाटत. ती बसवताना आधीचं काहीच उरत नसे, म्हणून गिऱ्हाइकानं तोंडानं 'चालेल' म्हटल्याशिवाय दुरुस्तीवाली शेवटचं बटण दाबत नसे.

कंपाउंडर तोंड उघडणार तेवढ्यात तिनं फोन उलटा करून मॉडेल बघितलं आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"नाही होणार. नवा आहे हा. या वर्षीपासून कंपनीनं आतलं कुलूप कायमचं बंद केलंय."

"फोन माझा आणि कुलूप त्यांचं?"

"पैसे तुमचे, फोन त्यांचाच. अजून दोन वर्षांनी मी इथं माश्या मारत बसणार आहे. घरी जुना असेल तर तो आणा."

कंपाउंडर उठतच होता, तेवढ्यात तिचा मुलगा दुकानात शिरला आणि कंपाउंडर परत बसला. भांडण फुकटात बघायला मिळत असेल तर कोण सोडतं?

"कुठंय ती?" मुलानं विचारलं.

"कोण?"

"नाटकं करू नकोस, आई. चार दिवस झाले, तिचा ठिपका दिसत नाहीये. हे काम तुझ्याशिवाय कुणाचं नाही."

सुनेला फोन त्यानंच घेऊन दिला होता, आणि ती कुठं आहे ते आपल्या फोनवर ठिपका होऊन दिसत राहील अशी सोयही त्यातच करून ठेवली होती. ठिपका एखाद्या दुकानात दहा मिनिटांच्या वर रेंगाळला की याचा तिला फोन जायचा. ठिपका तिच्या बहिणीच्या घरी दिसला की हा संध्याकाळी घर डोक्यावर घ्यायचा. मागच्या महिन्यात तर सुनेच्या मनगटावर काळानिळा वळ होता. आणि ही सगळी सोय त्यानं आईच्याच टेबलाशी बसून, आईनंच शिकवलेली विद्या वापरून केली होती. दुरुस्तीवालीनं ते बघितलं होतं आणि आठ महिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्या गप्प बसण्याची तिला आता शिसारी येत होती. सोमवारी सून आली, तेव्हा तिनं शटर अर्धं ओढलं, आधी सुनेचा फोन पुसला, नवी सिस्टिम घातली आणि मग मुलाला ठाऊक नसलेल्या जागी स्वतः तिला नेऊन पोचवलं.

पोचवायला जाताना स्वतःचा फोन मात्र पर्समध्ये घेऊन गेली. लोकांना शहाणपण शिकवणारी बाई!

"तू सांगूच नकोस," मुलगा म्हणाला. "तुझा फोन सांगेल. सोमवारी कुठं गेलीस, किती वाजता गेलीस, सगळं असतं त्यात. दे इकडं."

फोन टेबलावरच होता. तो उघडायचे आकडे म्हणजे त्याच्या बाबांची जन्मतारीख, आणि ते आकडे मुलानंच घालून दिले होते. गावभरचे फोन स्वच्छ करणाऱ्या या बाईचा स्वतःचा फोन अजून कंपनीच्याच ताब्यात होता. दोन वर्षांपूर्वी एकदा तिनं तो बदलायला घेतला होता. आतली परवानगी देऊन झाली होती, 'सगळं पुसायचं?' हा शेवटचा प्रश्न समोर आला होता, आणि तिथून ती मागं फिरली होती. नवऱ्यानं जायच्या आदल्या महिन्यात पाठवलेला तेरा सेकंदांचा आवाज त्यात होता. कंपनीच्या इंटरनेटवरच्या कपाटात तिनं कधी काही ठेवलं नाही, आणि संगणकावर उतरवून घेऊ, घेऊ म्हणत ते राहूनच गेलं.

मुलाचा हात पोचायच्या आत तिनं फोन उचलला. दोन बटणं दाबून धरली, वायर जोडली आणि संगणकावर एक ओळ टाइप केली. फोनवर शेवटचा प्रश्न उमटला. ही विद्या मुलाला येत होतीच, त्यामुळे त्यानं लगेच ओळखलं.

"काय करतेयस?"

"यात तुझ्या बाबांचा आवाज आहे. दुसरीकडं कुठंही नाही."

"मग?"

"मग तू घरी जा आणि परत तिच्या वाटेला जाऊ नकोस. तर फोन आहे तसा राहील. नाहीतर सगळं पुसलं जाईल. चालेल?"

मुलगा हसला. बापासारखाच हसायचा तो, तिला नेमका त्याचाच राग आला.

"चालेल की! दाब ना! तीन वर्षं तो आवाज उराशी धरून बसलीयस, आणि तू दाबणार? कुणाला घाबरवतेस?" त्यानं टेबलावरून वाकून हात पुढं केला.

दुरुस्तीवालीनं कंपाउंडरकडं बघितलं.

"ऐकलंत ना? तोंडानं म्हणाला."

आणि तिनं बटण दाबलं.

काही सेकंदांतच झालं. पडदा काळा झाला, मग कंपनीचं चिन्ह आलं. मुलानं फोन हिसकावला, आकडे घालायला अंगठा उचलला, पण आकडे विचारणारं तिथं काही उरलंच नव्हतं. फोन त्याला भाषा निवडा म्हणत होता.

"तू वेडी आहेस," तो म्हणाला.

"असेन. ठेव तो खाली. माझं काम अर्धं राहिलंय."

त्यानं फोन ठेवला. कंपाउंडर कुणाकडंही न बघता निघून गेला. दुरुस्तीवालीनं फोन परत वायरीला जोडला आणि नवी सिस्टिम चढवायला लावली. सुनेचा नंबरही गेला होता, आणि तिला तो पाठ नव्हता. आता सूनच फोन करेल तेव्हा. संगणकावरची हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकत होती.

मुलगा दाराशी जाऊन थांबला. पाठ तिच्याकडंच होती.

"मला कधी ऐकवला नाहीस तो आवाज."

"तू कधी मागितलास?"

त्यानं चौकटीवर हात टेकला.

"काय म्हणत होते त्यात?"

"खाली उभा आहे म्हणत होते. किल्ली वरच राहिली, खिडकीतून टाक म्हणत होते."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली आणि हिरव्या पट्टीकडं बघत राहिली.