प्रत्येक आईने ऐकावं

सिंधुबाई सिन्नरजवळच्या गावाहून नाशिकला लेकाकडे आल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणासाठी. नातू अडीच महिन्यांचा झाला तरी स्नेहलच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. बाळ रडलं की ती आधी फोन उचलायची, मग बाळाला. फोनवर बाळंतिणींचा एक ग्रुप होता. दूध किती वेळा पाजायचं, टाळू कशी भरायची, नवऱ्याशी, हर्षलशी, बोलायचं की अबोला धरायचा, सगळं ती तिथं विचारायची. सिंधुबाई शेजारीच बसलेल्या असत.

म्हणून एका दुपारी ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली, तेव्हा त्यांना गलबलून आलं.

"आई, मला बाळाबद्दल काही वाटतच नाही. मी वाईट आहे का?"

सिंधुबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग तेहतीस वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली.

"हर्षल तीन महिन्यांचा होता. मला बी काय वाटत नव्हतं बघ. एक दिवस त्याला शेजारच्या नवसाबाईजवळ ठेवलं, दळण आणते म्हणाले, आन मिळंल त्या एसटीत बसले. परत यायचंच नाय असं ठरवून. लासलगावला उतरले, दिवसभर स्टँडवर बसून राहिले. दुपारनंतर दूध दाटलं, चोळी भिजली, तशी उठून माघारी आले. माया लगेच नाय आली. तो रांगायला लागला तवा आली. तुझी बी येईल."

"बाबांना कळलं नाही?"

"नाय. नवसाबाईनं वळखलं होतं, पण शेवटपर्यंत कुणाला बोलली नाय. आता तुलाच ठावं."

त्या दिवशी स्नेहल पोटभर जेवली. सांगितलं ते बरं झालं, असं सिंधुबाईंना वाटलं.

तीन आठवड्यांनी सिन्नरला भाची संजनाकडे बारसं होतं. पंगती उठल्यावर संजना फोन घेऊन जवळ आली.

"आत्या, हे ऐका. बायांच्या ग्रुपवर फिरतंय. आवाज अगदी तुमच्यासारखा हे."

"...दुपारनंतर दूध दाटलं, चोळी भिजली..."

खोलीत गावाकडच्या पाच-सहा बाया होत्या. नवसाबाईचं नाव आलं तशी एकीनं मान खाली घातली. संजनानं घाईघाईनं फोन बंद केला. 'प्रत्येक आईने ऐकावं,' असं वर लिहिलेलं होतं. सिंधुबाईंनी पदर छातीवर घट्ट ओढून घेतला, जणू चोळी आत्ताच भिजली होती.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढता काढताच विचारलं. स्नेहलनं नाकारलं नाही.

"त्या दुपारी ग्रुपसाठी फोनमध्ये बोलत होते आई, रडू आलं आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. मी ते रोज ऐकायचे. मला धीर यायचा. तिथं एकीची अवस्था माझ्याहून वाईट होती, तिच्यासाठी टाकलं. ह्यांचं नाव कापलं होतं मी. किती जणींनी आभार मानलेत, वाचून दाखवू का?"

"मला का नाय विचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हंजी तुला ठावं होतं."

सिंधुबाईंना स्नेहलच्या डोळ्यांत पाणी दिसलं, पण या वेळी त्यांचा हात पुढे झाला नाही.

संध्याकाळी हर्षल कंपनीतून आला तो बूट न काढताच आईसमोर बसला. संजनाच्या नवऱ्यानं त्याला फोन केला होता.

"परत यायचं नाही असं ठरवलं होतंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण आवाज त्यानंही ऐकला होता.

"व्हय."

"कधीतरी सांगायचं होतंस."

"तुलाच तर सांगायचं नव्हतं रे. बाकी कुणाला बी सांगितलं असतं."

तो उठला. बराच वेळ गॅलरीत उभा राहिला.

चार दिवसांनी सिंधुबाई गावी निघाल्या. खरं तर पोर सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या राहणार होत्या. हर्षल स्टँडवर सोडायला आला. बस लागेपर्यंत दोघं बाकड्यावर बसली. तो एकदम म्हणाला, "लासलगावला ऊन असेल ना तेव्हा. काही खाल्लं होतंस का?"

सिंधुबाईंनी नाही म्हणून मान हलवली. तो जाऊन केळी घेऊन आला.

स्नेहल आता दिवसाआड फोन करते. ओवा किती घ्यायचा, बाळाला सर्दी झाली तर काय लावायचं, ते विचारते. पोर तिच्याकडे बघून हसायला लागलंय, हेही तिनं सांगितलं. सिंधुबाई विचारलं तेवढं नीट सांगतात. त्यापलीकडे मात्र त्या एक शब्दही बोलत नाहीत.