पूजेचा पेंट

माहे भासरे दौलतराव, म्हंजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, भिलाईच्या प्लांटमधून फोरमन म्हनून रिटायर झाले, पन फोरमनकी काही सुटली नाई. बोरसीच्या घरी बायकोले बी ऑर्डर सोडतात. अहिवाऱ्याजवळचं शेत सासऱ्यानं त्याईच्याच नावावर ठेवलं. राबते मात्र मी. माहे मालक नरहरी गेले तवापासून घरचा जुना ट्रॅक्टर बी मीच चालवते.

विश्वकर्मा पूजेले भिलाईत मशीन म्हनून मशीन धुऊन, रंगवून, हार घालून उभी करतात. भाऊजीनं औंदा ट्रॅक्टरले चंदेरी पेंट मारला. बोनेटले, सायलेन्सरले, डिझेल टाकीच्या झाकनाले बी. वरून म्हने, "साहेब पाहाले आला त खुश झाला पाहिजे." आता मले सांगा, शेतात कोनता साहेब येऊन राहिला होता?

धान कापेपर्यंत गाडी उभीच होती. मंग चन्यासाठी नांगरनीले काढली, त बापा! अर्ध्या शेतात गेली का इंजन ठोके चुकवाले लागे, ताकद उतरे अन भुकभुक करून बंद. थोडं थांबलं का चालू होये, पुन्हा तेच रडगानं.

भाऊजी स्कूटरवर नट खोलाच्या पान्यांचा डब्बा घेऊन आले. डिझेल फिल्टर बदलला, पायपातली हवा काढली, इंजेक्टर खोलून साफ केले. त्याईच्यापुढं उभ्या उभ्या गाडी कशी शहान्यावानी चालली! ते बोरसीले पोचले नसतील, तं इकडं पुन्हा बंद. मी फोन लावला.

"नाचता येईना अंगण वाकडं," भाऊजी म्हने. "तू क्लचवर पाय ठेवून बसत असशील. हे पाह्य कांता, गाडी सुधरली त शेत तूच कर. नाई त मी अधियानं देऊन टाकतो. दुसरा करंन अन आपल्याले अर्धं पीक देईन."

शेत गेलं त दिवसभर करू काय, भिंती पाहू? तितकंच त होतं माहं, स्वतःच्या हातचं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा अडली. डिझेल त सरलं नाई ना, म्हनून मी टाकीचं झाकन फिरवलं, तशी सुस्सकन हवा आत ओढली गेली. टाकी अर्धी भरून होती. झाकन लावलं, चाबी फिरवून सेल मारला, इंजन एकदम साफ. थोड्या वेळानं पुन्हा भुकभुक. पुन्हा झाकन खोललं, पुन्हा सुस्स, पुन्हा साफ. मंग म्या ते झाकन उन्हात धरून पाह्यलं. हवा जाते त्या बारक्या छेदात चंदेरी पेंट गच्च! टाकीत हवाच जात नव्हती त डिझेल खाली येईन कसं? घरून सुई आनली, छेद मोकळा केला अन पूरं शेत एका दमात नांगरलं. इतकी खुशी झाली का एकटीच हासत होती, भैताडावानी.

भाऊजीले फोनवर सांगितलं. "मी त पहिल्यापासून म्हनून राहिलो होतो," ते म्हने, "डिझेल पोचत नाई म्हनून." म्हना बापा.

चार दिवसानं ते एका मानसाले घेऊन आले. सुशील साहू, शेजारच्या गावचा. भाऊजी बोनेटवर हात फिरवत त्याले सांगत होते, "पूरा इंजन मैंने खुद देखा है. खेत के साथ ट्रैक्टर भी ले जाओ."

मी पुढं झाली. "भाऊजी, गाडी सुधरली त शेत म्या कराचं, असं म्हनले होते ना तुमी?"

"अवं, बंद गाडीसंगं शेत कोन घेते? आता चालून राहिली म्हनून त अधियाले मानूस भेटला."

असा संताप आला का पानाच फेकून मारावा. गरज सरो अन वैद्य मरो! म्या छेद खोलला नसता त अजून बी कोनी शेताकडं ढुंकून पाह्यलं नसतं.

सुशीलनं मले हात जोडले. त्या बिचाऱ्याले काय ठाऊक. "भौजी, स्टार्ट करने का तरीका बता दो."

म्या सांगितलं. थंडीत दोनदा सेल मारा लागते, तिसऱ्या गिअरले जरा जोर लावा लागते, सगळं सांगितलं. गाडी पहिल्याच दमात चालू झाली. "पाह्य," भाऊजी मले म्हने, "कशी लोन्यावानी चालते."

"हाव, चालते," म्हनलं अन म्या नांगरलेल्या शेतातून पायी घरी आली.