तळघरातला खकाणा

मारिसेलाने सकाळपासून घरादाराला धारेवर धरलं होतं. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, सिगारेट तर नाहीच नाही. राजधानीतल्या बड्या रेस्तराँचे उरुतियासाहेब ग्वादालुपेच्या खोऱ्यात तिची वाइन चाखायला येणार होते. त्यांच्या वाइनच्या यादीत नाव लागलं तर तिची छोटीशी वाइनरी तगणार होती, नाहीतर द्राक्षबाग विकायची पाळी. फोनवरच साहेबांनी नाक मुरडलं होतं, "मेक्सिकोची वाइन? बघू. आमच्या गिऱ्हाइकांना स्पेनची लागते."

साहेब आले, तळघरात उतरले. पेला नाकाशी नेला आणि त्यांना जो ठसका लागला! पाठोपाठ मारिसेलाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. वाऱ्यासाठी तळघराचं दार उघडं होतं आणि बाहेर अंगणात लिचामावशी मोलेच्या रश्श्यासाठी निवांतपणे सुक्या मिरच्या भाजत बसली होती.

"मावशी! आजच सुचलं तुला?"

"मग कधी? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला उपाशी धाडू? अत्तर लावू नको म्हणालीस. लावलंय का? हुंगून बघ."

हुंगायला नाक जागेवर होतं कुणाचं!

साहेबांनी रुमालाने डोळे पुसले. "माफ करा. जिचा वासच घेता आला नाही, ती वाइन यादीत कशी घालू?"

मारिसेलाने त्यांना मावशीच्या स्वयंपाकघरात पोचवलं आणि स्वतः तळघरात येऊन बसली. जेवायच्या टेबलावर तोंड उघडलं असतं तर नको ते निघालं असतं. रागाने तिने रिकाम्या पिंपाला लाथ घातली. अंगठा ठेचकाळला, पिंप जागचं हललं नाही.

गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा ती वर आली. मावशी खुशीत भांडी आवरत होती.

"किती गुणी माणूस गं! रश्श्यातली टर्की दोनदा घेतली. वाइन तर मागून मागून प्यायला."

"कुठली वाइन?"

"तुझीच की. काल पिंपातून जग भरून ठेवला होतास ना, ती. नाक मोकळं झालं होतं त्याचं. डोळे मिटून म्हणाला, वा! अशी वाइन फक्त स्पेनमध्येच होते."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हो म्हटलं. स्पेनचीच."

"मावशी!"

"ओरडू नको. भरल्या ताटावर पाहुण्याला खोटं पाडायचं? एवढा आनंदात होता बिचारा!"

मारिसेलाने कपाळावर हात मारून घेतला आणि फोन लावला. "साहेब, जेवताना घेतलीत ती वाइन माझीच होती. शपथेवर सांगते."

पलीकडे साहेब हसले, अगदी मायेने. "तुमची धडपड कळते मला. पण असं करू नये. मावशींनी खरं काय ते सांगितलंय, आणि त्या बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. फक्त एक करा, त्यांना त्या स्पेनच्या वाइनचं नाव विचारून कळवा. आम्हाला ती यादीत हवी आहे."