बेबीच्या कपातली साखर

मदन महल मोहल्ल्यातल्या मुरलीधर वानखेड्यांनी अडतीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात काढली, पण आपण तिथं काय बनवतो हे बायकोला, बेबीलाही, सांगितलं नाही. तिनं विचारलं की म्हणायचे, "लोखंड." सरकारनं तोंड बंद ठेव म्हटलं की ठेवायचं, एवढाच त्यांचा धर्म.

त्यामुळे परदेशी बंदराबाहेर मुलगा गौरांग ज्यावर नोकरीला होता ते जहाज बंदूकवाल्यांनी पकडलं आणि त्याच्यासह पाच भारतीयांना ओलीस ठेवलं, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. मुरलीधर म्हणत, सरकारनं गाजावाजा न करता बोलणी करावीत. आरडाओरडा झाला की पकडणाऱ्यांचा भाव चढतो. बेबीचं म्हणणं, रडल्याशिवाय आईसुद्धा पोराला दूध पाजत नाही, मग दिल्ली कशी हलणार? पोरगं सुटेपर्यंत तिनं गोड सोडलं आणि दर सोमवारी कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरलं.

एकेचाळिसाव्या दिवशी, नेमक्या सोमवारी, सकाळीच दिल्लीहून शर्मिला मॅडमचा फोन आला. ओलिसांचं प्रकरण त्याच बघत होत्या.

"गौरांग सुटला. आपल्या लोकांजवळ सुखरूप आहे. बाकीचे चौघे संध्याकाळपर्यंत सुटतील. तोवर कुणालाही सांगू नका. बातमी फुटली तर ते अडकतील."

मुरलीधरांचा आनंद पोटात मावेना. आतल्या खोलीत बेबी धरण्याचा फलक शोधत होती. एवढ्या दिवसांत तिची पार रया गेली होती. तिला सांगावं, तर तिच्या एका हाकेनं सगळी गल्ली गोळा होणार. न सांगावं, तर पोरगं सुटलेलं असताना आईला दिवसभर उन्हात रडत बसवायचं?

मॅडमनी सांगू नका म्हटलं होतं. साखरेबद्दल काही म्हटलं नव्हतं. मुरलीधरांनी स्वतः चहा केला आणि तिच्या कपात दोन चमचे साखर घातली.

बेबीनं घोट घेतला आणि थांबली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. तिचे डोळे घळघळा वाहायला लागले. तिनं कप रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि फलक उचलला.

"आता काहून चालली?" मुरलीधर दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही गेली तर लोकं विचारतील ना, आज काहून नाही आली म्हणून. तुम्ही बसा चुपचाप."

दुपारी ती टीव्हीवर दिसली. "हमारे बच्चों को वापस लाओ!" आजवर इतकी कधी ओरडली नव्हती. ते चौघेही कुणाची तरी पोरं होती.

बेबी संध्याकाळी घरी पोचायला आणि चौघे सुटल्याचा फोन यायला एकच गाठ पडली. मुरलीधर फाटकापर्यंत धावले. "बेबी, ऐक, आता सांगतो..."

"मले काय सांगून राहिले?" चपला काढत ती म्हणाली. "तुम्ही कारखान्यात काय बनवत होते, ते भी मले लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. बोलली का कोणाले कधी? चलो, चहा ठेवा. अन् साखर जरा जास्त टाका."